टोमॅटोचा भाव आणि एनव्हिडियाचा शेअर

१० डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेत सिस्को नावाच्या कंपनीचा शेअर ८०.२५ डॉलरवर बंद झाला. बातमी आतल्या पानावरची, आपल्याकडे फारशी कुणी वाचलीही नसेल. मी मात्र ती मोबाइलात जपून ठेवली आहे. कारण या शेअरचा त्याआधीचा उच्चांक होता ८०.०६ डॉलर, आणि तो लागला होता २७ मार्च २००० रोजी. म्हणजे त्या दिवशी ज्याने सिस्को घेतला, त्याला आपली खरेदीची किंमत पुन्हा दिसायला पंचवीस वर्षं आणि साडेआठ महिने लागले. मधे २०११ पासून थोडाफार लाभांश मिळाला, तेवढाच दिलासा.

आता कुणी म्हणेल, कंपनीच भुक्कड असेल. तसंही नाही. इंटरनेटवरची माहिती योग्य दिशेला वळवणारी यंत्रं सिस्को बनवते, चौकातल्या वाहतूक पोलिसासारखी. २००० साली तिची वर्षाची विक्री १९ अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२५ मध्ये ती ५७ अब्जांच्या जवळ गेली. इंटरनेट घरोघरी पोहोचेल, माणसं त्यावर खरेदी करतील, सिनेमे बघतील, बँकेचे व्यवहार करतील, ही त्या वेळची सगळी भाकितं अक्षरशः खरी ठरली. भाकीत खरं, कंपनी चांगली, विक्री तिप्पट. आणि शेअर पंचवीस वर्षं तिथल्या तिथे.

ही बातमी जपण्याचं कारण माझा पुतण्या. हिंजवडीत नोकरी, वय एकोणतीस. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आला आणि चहा यायच्या आत म्हणाला, "काका, एनव्हिडिया घेऊ का? ऑफिसात सगळ्यांनी घेतलाय." एनव्हिडिया म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी (एआय) लागणाऱ्या चिप विकणारी अमेरिकन कंपनी. त्याला जे दोन तास समजावलं, ते इथे जरा नीट मांडतो. मी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. काय घ्यावं ते सांगणार नाही, काय विचारावं ते सांगेन.

शेअर महाग की स्वस्त, हे ठरतं कशावर?

कोपऱ्यावरचं मिसळीचं दुकान घ्या. सगळा खर्च जाऊन मालकाला वर्षाला १० लाख सुटतात. तो म्हणाला, दुकान २ कोटींना देतो. म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या वीसपट किंमत. या 'वीस'ला बाजारात पी/ई म्हणतात, किंमत भागिले नफा. नफा आहे तेवढाच राहिला तर वीस वर्षांत पैसे वसूल. नफा दरवर्षी वाढत गेला तर लवकर.

समजा, समोर कॉलेज येणार अशी बातमी आली आणि मालकाने भाव १५ कोटी केला. नफ्याच्या दीडशेपट. कॉलेज आलं, मिसळ तिप्पट खपली, तरी तुमचे पैसे वसूल व्हायला पन्नास वर्षं. यात कॉलेज खोटं नव्हतं, मिसळही फर्मास होती. भाव चुकला. २००० साली सिस्कोचं नेमकं हेच झालं होतं: बाजार तिच्या नफ्याच्या शंभरपटीहून कितीतरी जास्त किंमत लावत होता आणि ती जगातली सगळ्यात मौल्यवान कंपनी ठरली होती. ऑक्टोबर २००२ पर्यंत शेअर ८० वरून दहा डॉलरच्या खाली आला.

आपल्याकडचं सोपं उदाहरण म्हणजे नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, नाताळाला विमानं उडू लागली. पण 'विमानतळ येतोय' म्हणून पनवेल-उलव्याकडे प्लॉट कुणी कोणत्या साली, काय भावाने घेतला, त्यावर तो आज हसतोय की हप्ते मोजतोय ते ठरतं. विमानतळ तर दोघांसाठीही एकच आहे.

एनव्हिडिया नक्की विकते काय?

१९९३ साली जेन्सन हुआंग आणि दोन मित्रांनी ही कंपनी काढली, व्हिडिओ गेममधली चित्रं झरझर रंगवणाऱ्या चिप बनवायला. साधा प्रोसेसर म्हणजे एक हुशार आचारी: एकामागून एक पदार्थ, पण काहीही करून देईल. एनव्हिडियाची चिप म्हणजे लग्नाच्या पंगतीत पुऱ्या लाटायला बसलेल्या शंभर बायका. काम साधं, पण एका वेळी हजारो पुऱ्या. पुढे लक्षात आलं की कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायचं गणितही असंच पुऱ्या लाटण्याचं आहे, साधे गुणाकार पण अब्जावधी. २००६ साली कंपनीने या चिपवर इतर कामंही करून घेता येतील असं सॉफ्टवेअर दिलं. तेव्हा त्याला फार कुणी विचारलं नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि जग रांगेत उभं राहिलं.

जानेवारी २०२३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री होती सुमारे २७ अब्ज डॉलर. दोन वर्षांनी, १३० अब्ज. नफा त्याच काळात साडेचार अब्जांच्या आतून जवळजवळ ७३ अब्जांवर. २९ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीच्या सगळ्या शेअरांची मिळून किंमत ५ लाख कोटी डॉलर झाली. जगात पहिल्यांदाच.

(ही रक्कम भारताच्या जीडीपीपेक्षा मोठी, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो आकडा बरोबर आणि तुलना चूक. जीडीपी म्हणजे वर्षभरात नदीतून वाहिलेलं पाणी, कंपनीची किंमत म्हणजे धरणात साठलेलं. ही दोन्ही एका मापाने मोजायची नसतात.)

एनव्हिडिया स्वतः चिप घडवत नाही. आराखडा तिचा, घडवणारी तैवानची टीएसएमसी, आणि टीएसएमसीला त्यासाठी लागणारी सगळ्यात प्रगत छपाईयंत्रं बनवणारी जगात एकच कंपनी, नेदरलँड्सची एएसएमएल. 'टेक शेअर' म्हणजे ही सगळी साखळी. तिची शेवटची कडी कोण, हा प्रश्न मनात ठेवा. त्याच्याकडे येतोच.

"नफा तर खरा आहे, मग बुडबुडा कसा?"

ही तेजी म्हणजे किमतीचा बुडबुडा असू शकतो, असं मी म्हटल्यावर पुतण्याचा पहिला आक्षेप हाच, आणि तो तगडा आहे. २००० साली नफ्याचा पत्ता नसलेल्या कंपन्यांचे शेअर उडत होते. कुत्र्यामांजरांचं खाद्य इंटरनेटवर विकणारी पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबरात बंद पडली. एनव्हिडिया तशी नाही. २०२५ च्या अखेरीस तिचा पी/ई साधारण ४५ होता. सिस्कोच्या तेव्हाच्या भावापुढे हा सभ्यच म्हणायचा.

मी त्याला म्हटलं, २०२३ चा जुलै आठव.

त्या महिन्यात नारायणगाव, पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. जुन्नरच्या शेतकऱ्यांनी कोटी कमावल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. आता समजा, त्या जुलैत एखाद्याने तुम्हाला टोमॅटोचा मळा विकायला काढला आणि म्हणाला, "वर्षाचा नफा दीड कोटी, मळा देतो सहा कोटींना." नफ्याच्या चौपट, पी/ई ४! कुठलाही हिशेबी माणूस म्हणेल, स्वस्तात मिळतोय. आणि तिथेच फसेल. कारण भाव बघून सगळ्यांनी टोमॅटो लावला होता. सप्टेंबरअखेर तोच क्रेट शंभर रुपयांच्या आसपास आला. तोडणीची मजुरीही निघेना म्हणून लोकांनी उभ्या पिकावर नांगर फिरवला.

तेजी-मंदीच्या धंद्यात पी/ई सगळ्यात कमी दिसतो तो तेजीच्या टोकावर, कारण भागायचा आकडा, म्हणजे नफा, फुगलेला असतो. म्हणून नुसता पी/ई बघून भागत नाही. हा नफा किती हंगाम टिकेल, हे बघायचं.

त्या टोमॅटोच्या गोष्टीत आणखी एक जण होता: रोपवाटिकावाला. पीक कुणाचं येतंय, कुणाचं जातंय, त्याला काही नाही. रोपं आगाऊ पैसे घेऊन विकली. सगळे लावायला धावले तेव्हा त्याची चांदी. एनव्हिडिया हा तो रोपवाटिकावाला आहे. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाचा थेट खर्च वजा जाता तिच्याकडे ७५ रुपये उरत होते, इतकी तिची वट. पण रोपवाटिकेचं पुढच्या वर्षीचं नशीब शेतकऱ्याच्या यंदाच्या पट्टीवर ठरतं. शेतकरी तोट्यात गेला तर रोपं कुणाला विकणार?

शेतकरी इथे मोजकेच आहेत. जुलै २०२५ ला संपलेल्या तिमाहीत एनव्हिडियाची ३९ टक्के विक्री अवघ्या दोन गिऱ्हाइकांकडून आली होती. त्यात मोठी गिऱ्हाइकं स्वतःच रोपं तयार करायला लागलीत. गूगल आपल्या कामासाठी स्वतःची चिप गेली दहा वर्षं वापरते आहे, ॲमेझॉननेही बनवली आहे.

शेवटचं गिऱ्हाईक कोण?

ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट आणि फेसबुकवाली मेटा, या चौघांनी २०२५ मध्ये मिळून साडेतीनशे अब्ज डॉलरच्या वर रक्कम चिप, इमारती, वीज आणि थंडाव्याच्या सोयी यांत घातली. या डेटा सेंटरमधूनच तुमचं चॅटजीपीटी किंवा जेमिनी उत्तर देतं. चौघं गडगंज आहेत, बराचसा पैसा स्वतःच्या कमाईतून घालताहेत. ही गोष्ट त्यांच्या बाजूची, आणि २००० पेक्षा खरोखर वेगळी.

पण हा पैसा परत कोण देणार? तुम्ही-आम्ही. आणि तुम्ही-आम्ही २०२५ मध्ये काय देत होतो? जिओच्या सिमवर जेमिनीची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती दीड वर्ष फुकट, एअरटेलवर पर्प्लेक्सिटी हे असंच दुसरं साधन वर्षभर फुकट, आणि नोव्हेंबर २०२५ पासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट. पुतण्याने तिन्ही घेतलंय. "आणि वर्ष संपल्यावर पैसे देशील?" म्हटलं तर हसला. कंपन्या देतील, दफ्तराचं काम सोपं होईल तिथे नक्की देतील. किती देतील आणि किती लवकर, इथेच सगळं अडलंय.

ओपनएआय, म्हणजे चॅटजीपीटीवाली कंपनी, हिचा हिशेब बघा. तिचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की वर्षाअखेर विक्रीचा वेग वार्षिक २० अब्ज डॉलरच्या वर असेल आणि पुढच्या आठ वर्षांत १.४ लाख कोटी डॉलरच्या खर्चाचे वायदे केले आहेत. यातली शून्यं डोक्यात बसत नाहीत, म्हणून घरगुती मापात आणू. वर्षाला २ लाखांची आवक असलेल्या माणसाने आठ वर्षांत १ कोटी ४० लाखांची खरेदी करतो असं सांगून ठेवलं आहे. आणि ही आवक म्हणजे नफा नव्हे, नुसता गल्ला. उद्या त्याचा पगार दरवर्षी दुप्पट झाला तर गोष्ट वेगळी. झाला नाही तर दुकानदारांची उधारी.

त्यात एकमेकांच्या हाताची गंमत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करायचा इरादा जाहीर केला, आणि ओपनएआय त्याच एनव्हिडियाच्या चिपवर चालणारी केंद्रं उभारणार. पाठोपाठ एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडी हिने ओपनएआयशी करार केला: तुम्ही आमच्या चिप घ्या, अटी पुऱ्या होतील तसे आमचे दहा टक्क्यांपर्यंत शेअर तुम्हाला जवळपास फुकटात. म्हणजे दुकानदारच गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे घालून म्हणतोय, बघा, माझा माल किती खपतोय!

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे इमूपालनाची लाट आली होती, आठवतं? इमूची पिल्लं महागात विकली जायची. घेणारा कोण? नवा इमूवाला. त्याची पिल्लं कोण घ्यायचं? त्याच्या मागून येणारा. इमूचं मांस आवडीने खाणारं घर मात्र पंचक्रोशीत सापडत नव्हतं. नवे इमूवाले थांबले आणि पक्ष्यांना दाणा घालायलाही पैसे उरले नाहीत. एआय म्हणजे इमू, असं मी म्हणत नाही. एआयचं मांस खाणारे आहेत, मी स्वतः पत्रं लिहायला वापरतो. पण एकूण विक्रीत खाणाऱ्यांचा वाटा किती आणि पिल्लं घेणाऱ्यांचा किती, हे तिमाहीच्या आकड्यांत शोधायला हवं.

चिप म्हातारी कधी होते?

हा भाग रुक्ष आहे, पण सोडू नका. सहा लाखांचा टेम्पो घेतला तर सगळा खर्च एकाच वर्षी दाखवत नाहीत, टेम्पो जितकी वर्षं चालेल त्यांत वाटतात. याला घसारा म्हणतात. सहा वर्षं धरली तर वर्षाला एक लाख खर्च, तीन धरली तर दोन लाख. टेम्पो तोच, धंदा तोच, पण सहा वर्षं लिहिली की वहीत नफा लाखाने जास्त.

आता एआयच्या चिपचं आयुष्य किती धरायचं? एनव्हिडिया दरवर्षी नवी, जास्त वेगवान चिप आणायच्या घाईत आहे. जुनी बिघडत नाही, पण वीज तेवढीच खाऊन काम कमी करते. जानेवारी २०२५ पासून ॲमेझॉनने आपल्या काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं आणि कारण दिलं एआयमुळे वाढलेला तंत्रज्ञानाचा वेग. त्याच महिन्यापासून मेटाने आपल्या सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं. तोच काळ, तशीच यंत्रं, आणि दोन शहाण्या कंपन्या दोन दिशांना! अमेरिकेतल्या २००८ च्या घरकर्ज संकटाचा अंदाज आधी बांधल्याने नाव झालेले मायकल बरी २०२५ च्या नोव्हेंबरात याच मुद्द्यावरून कडाडले: आयुष्य लांबवून नफा फुगवला जातोय. त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबरच असेल असं नाही, जुन्या चिप हलक्या कामाला लावता येतात. पण नफ्याचा आकडा वाचताना त्याच्या पोटात असा एक अंदाज दडलेला असतो, एवढं तरी कळलेलं बरं.

"पण तंत्रज्ञान वाया थोडंच जाणार?"

नाही जाणार. आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते, कारण तिचा धागा मुंबईला जोडलेला आहे.

२००० च्या आसपास इंटरनेटची मागणी कधी संपणारच नाही अशा खात्रीने कंपन्यांनी जमिनीखालून आणि समुद्रतळातून फायबरच्या केबल टाकल्या. कर्ज काढून टाकल्या. मागणी आली, पण कर्जाचे हप्ते आधी आले. जानेवारी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंगने दिवाळखोरी जाहीर केली, जुलैत वर्ल्डकॉमने. टायको या कंपनीने अब्जावधी डॉलर घालून जगाभोवती सुमारे ६०,००० किलोमीटरचं समुद्री जाळं विणलं होतं. ते २००४ साली कुणी घेतलं? आपल्या विदेश संचार निगमने, जी तोवर टाटांकडे आली होती. किंमत, १३ कोटी डॉलर. भंगाराच्या भावात सोनं. त्याच्या आदल्या वर्षी रिलायन्सने फ्लॅग ही दुसरी समुद्री केबल कंपनी अशीच स्वस्तात उचलली.

त्या काळी जगभर बँडविड्थ, म्हणजे केबलमधून माहिती वाहून न्यायची क्षमता, अशी मातीमोल झाली नसती, तर पुण्यात बसून न्यू जर्सीच्या बँकेचं काम करणं एवढं परवडलं असतं का? माझ्या पुतण्याची नोकरी, त्याच्या सोसायटीतली निम्मी घरं, हिंजवडीचा तो अमर ट्रॅफिक जॅम, या सगळ्याच्या तळाशी कुणातरी अमेरिकन गुंतवणूकदाराचे बुडालेले पैसे आहेत. केबल वाया गेली नाही. ती ज्याच्या पैशाने टाकली, तो गेला. आणि तेव्हाची काळी फायबर, म्हणजे न वापरता पडून राहिलेली, पंधरा वर्षांनीही कामाला आली. आजची चिप पंधरा वर्षांनी कामाला येईल का, हे घसाऱ्याच्या भागावरून तुम्हीच ठरवा.

म्हणजे पडणारच, असं ना?

तसंही मी म्हणालो नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बाजाराच्या 'विवेक सुटलेल्या उत्साहा'बद्दल इशारा दिला तो ५ डिसेंबर १९९६ ला. तेव्हा टेक कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक निर्देशांक १३०० च्या आसपास होता. इशारा ऐकून बाहेर पडलेला माणूस पुढची तीन वर्षं शेजाऱ्याचं नशीब बघत बसला, कारण निर्देशांक १० मार्च २००० ला ५०४८ वर गेला. मग ऑक्टोबर २००२ मध्ये १११४, ग्रीनस्पॅन बोलले त्याहीपेक्षा खाली. तो माणूस शेवटी बरोबर ठरला. पण मधली सव्वातीन वर्षं दर रविवारी सासऱ्यांचे टोमणे ऐकून त्याने मार्च २००० मध्ये परत उडी मारली नसेल, तर तो खरा धीराचा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण २७ जानेवारी २०२५ चं. चीनच्या डीपसीक कंपनीने कमी चिपांत चांगलं मॉडेल (चॅटजीपीटीसारखं एआय) बनवल्याची बातमी पसरली आणि एनव्हिडिया एका दिवसात १७ टक्के पडला. ५८९ अब्ज डॉलर गेले, एका कंपनीचं एका दिवसातलं तोवरचं सगळ्यात मोठं नुकसान. घाबरून विकणाऱ्यांना सहा महिन्यांत पस्तावा झाला, जुलैत कंपनी ४ लाख कोटी डॉलरवर होती. वेळ साधण्याचा खेळ कुणाला जमतो, असं मला अजून दिसलेलं नाही. ज्यांना जमला ते नंतर सांगतात, आधी कुणीच सांगत नाही.

टीसीएस-इन्फोसिस घेतले तर?

इथे गल्लत होते. आपल्या मोठ्या आयटी कंपन्या चिप बनवत नाहीत, मॉडेल विकत नाहीत. त्या मुख्यतः माणसांचे तास विकतात, आणि एआयचा दावाच हा आहे की तास कमी लागतील. म्हणून अमेरिकेत टेक शेअर चढत असताना २०२५ मध्ये आपला निफ्टी आयटी निर्देशांक घसरला, आणि जुलैत टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं. हे शेअर वाईट असं नाही. पण एआयच्या तेजीत भाग घ्यायचा म्हणून ते घेणं म्हणजे पावसाळा येतोय म्हणून रसवंतीगृह काढणं.

मग लोक शोधतात 'भारतातली एनव्हिडिया'. मुंबईच्या बाजारात एका छोट्या कंपनीने नावात सेमीकंडक्टर आणल्यावर तिचा शेअर वीसेक महिन्यांत शेकडो पटींनी चढला. वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी दोन. शेवटी तिचे व्यवहार आठवड्यातून एकदाच होतील असं बंधन एक्सचेंजने घातलं. घोटाळ्यामुळे गाजलेला शेअर दलाल केतन पारेख याच्या काळात, १९९९-२००० साली, 'सॉफ्टवेअर', 'इन्फोटेक' अशी बारशी करून घेणाऱ्या कंपन्या ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना हे बघून गलबलून येतं. आणि 'एआय बॉट रोज दोन टक्के मिळवून देतो' म्हणणारे टेलिग्रामवरचे ग्रुप? ती गुंतवणूकच नाही. सरळ चोरी आहे.

पुण्यात बसून अमेरिकेचा शेअर

पुतण्याचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता. दोन वाटा आहेत.

पहिली, पैसे परदेशी पाठवून थेट शेअर घेणं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते (ही कंपनी नव्हे, कर). तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, आधी विकलं तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. लाभांशातले २५ टक्के अमेरिका आधीच कापून घेते. परदेशी मालमत्तेचा तक्ता विवरणपत्रात भरावा लागतो, एक शेअर असला तरी. आणि एक गोष्ट, जी ॲपवाले मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत: अमेरिकन शेअर ६० हजार डॉलरच्या वर असताना धनी गेला, तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो, ४० टक्क्यांपर्यंत. रुपया घसरला तर मात्र फायदा. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदीपार गेला, तेव्हा शेअर जागेवर असूनही रुपयांत नफा दिसला.

दुसरी वाट सोपी वाटते: इथल्याच बाजारात नॅसडॅकचे ईटीएफ मिळतात, म्हणजे शेअरसारखे घेता येणारे फंड. इथे खाच आहे. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे न्यायचे यावर ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ईटीएफसाठी वेगळी १ अब्जाची. ती भरत आल्यामुळे नवी युनिट निघेनात. मागणी तर जोरात. मग काय होणार? बालगंधर्वला नाटक हाउसफुल्ल झालं की दोनशेचं तिकीट तीनशेला जातं, तेच. फंडाच्या पोटात शंभर रुपयांचे शेअर, आणि बाजारात युनिट एकशे दहाला, कधी त्याहून वर. ज्या दिवशी मर्यादा वाढेल, त्या दिवशी नॅसडॅक एक पैसाही न हलता तुमचे वरचे दहा रुपये जातील. म्हणून घेण्याआधी त्या क्षणाचं खरं मूल्य, आयएनएव्ही, फंडाच्या संकेतस्थळावर बघायचं आणि बाजारभावाशी ताडायचं. दोन मिनिटांचं काम.

पुतण्याने तिथेच बसून ते उघडलं. तफावत दोन आकडी टक्क्यांत होती. गप्प झाला, तिळाची वडी तोंडात टाकली, आणि मग विचारलं, "काका, तुम्ही २००० साली काय केलं होतंत?"

फेब्रुवारी २००० मध्ये दहा रुपयाने निघालेल्या एका आयटी फंडात मी पंचवीस हजार घातले होते. तेव्हाचे माझे तीन पगार. दीड वर्षात युनिट तीन रुपयांच्या खाली गेलं. मी विकलं नाही, म्हटलं चांगल्या कंपन्या आहेत, थांबू. थांबलो. एप्रिल २००३ मध्ये घर रंगवायला पैसे कमी पडले तेव्हा विकून टाकलं. सेन्सेक्स तेव्हा तीन हजारांच्या आसपास होता, आणि त्याच्या पुढच्या महिन्यापासून चढायला लागला. रंग पिस्ता होता. तो मात्र बारा वर्षं टिकला.